भिंतीला हात लावायचा नाही

वकिलाशी लग्न झालं की काही शब्द भाजीभाकरीबरोबर घरात येतात. तारीख, नक्कल, वकालतनामा, पुन्हा तारीख. तीस वर्षांत मी त्यांना सरावले. पण एक शब्द अजूनही कानावर पडला की माझं डोकं उठतं, आणि नेमका तोच आमचे वकीलसाहेब तोंडात श्रीखंड असल्यासारखा चवीने उच्चारतात. तो शब्द म्हणजे 'जैसे थे'.

ज्यांच्या घरात वकील नाही त्यांच्यासाठी सांगते. कोणीतरी परवानगी न घेता इमारत बांधतो. सरकारी कचेरी नोटीस देते, पाडा. तो कोर्टात जातो आणि म्हणतो, परवानगीचा अर्ज केलाय, त्याचा निकाल तरी लागू द्या. कोर्ट म्हणतं, ठीक आहे, निकाल लागेपर्यंत जैसे थे. म्हणजे सरकारने पाडायचं नाही आणि मालकाने पुढे वीट लावायची नाही. यातला पहिला अर्धा भाग त्याच दिवशी अमलात येतो. दुसऱ्या अर्ध्याचं काय होतं ते मी चार वर्षं शाळेच्या खिडकीतून बघितलं.

शाळा तलासरीला, हायवेच्या कडेला. मी तिथे चौथीचा वर्ग शिकवायचे. घर डहाणूत. रोज सकाळी एसटीने आशागडवरून हायवेला लागायचं आणि ट्रकांच्या धुरात तलासरी गाठायची. पुढे काही मैलांवर गुजरातची हद्द. हद्दीपलीकडे दारूबंदी, म्हणून हद्दीच्या अलीकडे ज्याच्याकडे चार पत्रे आहेत त्या प्रत्येकाला हॉटेल काढायचं असतं. आमच्या शाळेशेजारच्या शेठनेही तेच केलं. आधी चहा-फाफड्याची टपरी होती, मग ढाबा झाला, आणि दोन हजार चौदाच्या सुमाराला त्या ढाब्याच्या डोक्यावर एक मजला आला आणि दुसऱ्याचे खांब निघाले. जमीन शेतीची, नकाशा मंजूर नाही, परवानगी कसलीच नाही. सरपंचाचा एक ना हरकत दाखला तेवढा होता, तो शेठने काचेच्या फ्रेममध्ये घालून गल्ल्यावर देवाच्या फोटोशेजारी टांगला होता. त्याला उदबत्तीही लावायचा.

शेठच्या कुंपणाला लागून एक घर होतं. आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या मावशीचं. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं. तिच्या नवऱ्याला सगळा पाडा बाबा म्हणायचा. बाबाची उमेदीची वर्षं दगडखाणीत गेली होती आणि तिथला खोकला त्याच्याबरोबर घरी आला तो परत गेला नाही. एकुलता एक मुलगा उंबरगावच्या कंपनीत कामाला जायचा. मुलाचं लग्न करायचं म्हणून त्यांनी मागच्या अंगाला एक खोली काढली होती, तीही कुडाचीच. शेठच्या हॉटेलची सावली दुपारनंतर तिच्यावर पडायची.

नोटीस आली ती शेठला. शेठ आला आमच्याकडे, म्हणजे वकीलसाहेबांकडे. येताना चिकूची पेटी घेऊन आला. डहाणूत चिकू घेऊन येणारा माणूस म्हणजे समुद्रावर मीठ घेऊन जाणारा, पण आमचे साहेब खूश. तासभर दोघांची खलबतं चालली. शेठ जाताना पायरीवरून ओरडला, "साहेब, मी काय एकलाच छू? बाजूवाल्याचा पण नकाशा पास नाय ने!" आणि साहेबांचे डोळे चमकले. मी चहाचे कप उचलत होते, मला ती चमक ओळखीची होती. एखाद्या गोष्टीत आता चांगल्या माणसाचं वाटोळं होणार असलं की ती येते.

साहेबांनी दाव्यात लिहिलं की माझ्या अशिलावरच कारवाई का, शेजारीही विनापरवाना बांधकाम आहे, त्यालाही पक्षकार करा. कुडाच्या घराचा नकाशा! त्या घराचा नकाशा बाबाच्या आज्याने चुना न टाकता पायाने आखला असेल. मावशीच्या घराला आजवर कोणी काही म्हटलं नव्हतं. कचेरीतल्या कुणालाही ते घर दिसलंसुद्धा नव्हतं. ते आमच्या यजमानांनी दाखवलं, आणि संध्याकाळी जेवताना स्वतःच्या युक्तिवादावर इतके भाळले की दोनदा आमटी मागून घेतली.

कोर्टाच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मावशी आणि बाबा कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते, म्हणून मी बरोबर गेले. साहेबांना ते आवडलं नाही. "तू विरुद्ध पक्षाबरोबर बसणार?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मी खिचडीवाल्या मावशीबरोबर बसणार."

न्यायाधीश तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि सांगितलं की परवानगीच्या अर्जावर निर्णय होईपर्यंत दोन्ही जागा जैसे थे राहतील, कोणीही बांधकाम, दुरुस्ती, फेरफार करणार नाही. मग बाबाकडे बघून मराठीत सोपं करून विचारलं, "समजलं का बाबा? घर आहे तसं ठेवायचं. हात लावायचा नाही."

बाबाने हात जोडले. "व्हय साहेब. हात नाय लावायचा."

"आणि तुम्हाला?" त्यांनी शेठला विचारलं.

"बिलकूल साहेब," शेठ म्हणाला.

तेवढंच झालं. दोघांनीही हो म्हटलं. फरक इतकाच की मावशीच्या पाड्यात चार पंचांपुढे उभं राहून हो म्हटलं की माणूस बांधला जातो. मग ते मोडायचं असेल तर ज्यांच्यापुढे म्हटलं त्यांच्यापुढेच जाऊन मोडून घ्यावं लागतं. मागे कधीतरी एकाने बैलाच्या भांडणात असा शब्द दिला होता, तो बैल मेल्यावरही पाळत होता, असं मावशी कौतुकाने सांगायची. शेठच्या गावात ही पद्धत नव्हती. आमच्या घरात तर नव्हतीच.

बसमध्ये बसायच्या आधीच शेठचा फोन चालू झाला होता, सळया पाठवा म्हणून.

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरला की पाड्यावरच्या सगळ्या भिंती नव्या होतात. पावसाने झिजलेला लेप खरवडायचा, शेणमाती कालवायची, हाताने थापायची. बायका अर्धा दिवस त्यातच असतात. त्या वर्षी मी मावशीच्या घरावरून गेले तर भिंत तशीच. काही ठिकाणी कारवीच्या काठ्या दिसायला लागल्या होत्या.

"मावशी, सारवलं नाही अजून?"

"बाय, कोरटानी सांगितला ना. हात नाय लावायचा."

मला आधी हसू आलं. मी म्हटलं, "अहो, ते बांधकामाचं. सारवायला कोण नको म्हणतंय? बिनधास्त सारवा."

"तू कोरट हाय का?" मावशीने विचारलं. त्यात कुचकेपणा नव्हता, ती खरंच विचारत होती. मी कोर्ट नव्हते. मी फक्त कोर्टात जाणाऱ्या माणसाच्या डब्यात पोळ्या भरत होते.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मीही विसरले असते. पण मुलाचं लग्न ठरलं, आणि मग ती भिंत सगळ्यांच्या गळ्याशी आली. त्यांच्यात लग्न लागायचं तर आधी घरातल्या भिंतीवर चौक काढावा लागतो. भिंत ताजी सारवायची, गेरूने लाल करायची, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, मधोमध देवी. देवी भिंतीवर बसल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तो चौक काढायचा सवाशिणींनी, ज्यांचे नवरे हयात आहेत अशा बायकांनी. मावशीचा हात या कामात चांगला होता, पाड्यावरच्या प्रत्येक लग्नात तिला बोलावणं असायचं. दुसऱ्यांच्या लेकरांचे चौक काढून तिची बोटं तयार झाली होती, आणि आता एकदाच, स्वतःच्या लेकाचा काढायचा होता.

"बाबाला बघितला ना तू?" ती मला खिचडीच्या पातेल्याआडून म्हणाली. "खोकतो कसा. मी सवाशीण हाय तवर माना तो चौक काढायचा. मागून काय, मागून मी भायेर."

इतकं साधं मागणं होतं. नवरा जिवंत आहे तोवर स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या भिंतीला स्वतःच्या हाताने रंग लावायचा. मी त्याच रात्री जेवताना विषय काढला.

"अहो, कूड सारवणं म्हणजे बांधकाम का?"

"दुरुस्तीच्या व्याख्येत येऊ शकतं," साहेब म्हणाले.

"आणि शेठने वर पत्र्याची शेड घातली ती?"

"ती तात्पुरती आहे."

"लिफ्ट बसवतोय म्हणे."

"लिफ्ट हे यंत्र आहे. बांधकाम नाही."

"आणि दुसऱ्या मजल्याचा स्लॅब?"

"तो आदेशाच्या आधीचा."

"मी परवा खिडकीतून सेंटरिंग काढताना बघितलं."

"तू साक्षीदार नाहीस," साहेब म्हणाले आणि ताक मागितलं. मी दिलं. त्यात मीठ घातलं नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

त्यांचं म्हणणं, मावशीकडच्यांनी कोर्टात अर्ज करावा. तांदळाचं पीठ भिंतीला लावण्याची परवानगी मिळावी असा अर्ज! पण केला. कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत साहेबांच्याच शेजारी बसणाऱ्या एका नवख्या वकिलाने फुकट करून दिला. बिचारा उभा राहिला की त्याचा आवाज आधी घशात बसायचा. पहिल्या तारखेला आमचे साहेब उठले आणि म्हणाले, अशिलाकडून सूचना घ्यायच्या आहेत, मुदत मिळावी. दुसऱ्या तारखेला म्हणणं द्यायला मुदत. तिसऱ्या तारखेला शेठ अजमेरला. मग म्हणणं दिलं, हरकत आहे.

"हरकत कसली आहे तुमच्या शेठला?" मी विचारलं. "त्यांच्या भिंतीने त्याचं काय घोडं मारलंय?"

मग साहेबांनी मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. एकाला सूट दिली की कोर्ट विचारणार, दुसऱ्याने आदेश पाळला का. कोर्टाने जागेच्या पाहणीला कमिशनर पाठवला तर तो आधी हॉटेल बघणार. म्हणून हा अर्ज जितका पडून राहील तितकं बरं. हे सांगताना त्यांना लाज वाटली नाही. उलट मला धंद्यातली खुबी कळली म्हणून त्यांना बरं वाटलं.

मूळ परवानगीचं तर विचारूच नका. जिल्हा नवा झाला होता. पूर्वी सगळं ठाण्याला होतं, आता पालघरला. कचेरीत विचारलं तर ठाण्याहून आलं नाही म्हणायचे, ठाण्याला विचारलं तर केव्हाच पाठवलं म्हणायचे. शेठला याची घाई नव्हती. परवानगी मिळाली नाही तोवरच तर तो बांधू शकत होता. ती नाकारली असती तर पाडावं लागलं असतं, दिली असती तर नकाशाप्रमाणे बांधावं लागलं असतं. यापेक्षा लोंबकळणंच फायद्याचं. सरकार, वकील आणि शेठ यांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कुठल्या बाबतीत पाहिलं नाही.

मी मावशीला म्हटलं, दुसऱ्या घरात करा लग्न. आमच्या ओळखीचे कैनाडला आहेत, तिथे मोठं अंगण आहे. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोलले. "दुसऱ्याच्या भिंतीवर माझ्या लेकाचा चौक? देवी वाट चुकल ना." मुलगा समंजस होता. पण तोही एकदा चिडून म्हणाला, मीच सारवतो रविवारी, बघू कोण काय करतो. बाबा ओट्यावर खोकत बसला होता. त्याने खोकला आवरला आणि एवढंच म्हटलं, "कोरटात हो मी बोललू. तू नाय." मुलाने फावडं ठेवून दिलं.

सून मात्र नांदायला आली. त्यांच्यात ते चालतं, पोरगी आधी येते, लग्न सवडीने लागतं. यावर आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंनी नाक मुरडलं. ह्या बाई राहायच्या कुठे, तर ज्या बिल्डिंगला राहण्याचा दाखला नाही अशा बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथे त्यांनी दोन दिवस होम करून वास्तुशांत घातली होती. मी त्यांना विचारलं, बिनलग्नाची सून वाईट की बिनदाखल्याची बिल्डिंग? त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, फार शांत गेला तो महिना.

दुसऱ्या वर्षी नातू झाला. त्याच हिवाळ्यात हॉटेलचं उद्‌घाटन झालं. उद्‌घाटन म्हणायचं नाही, साहेबांनी बजावलं होतं. 'नूतनीकरण'ही नाही, कारण ते आदेशात बसत नाही. पत्रिकेवर 'स्नेहमेळावा' छापलं होतं. आम्हाला सपत्नीक आमंत्रण. मी गेले, कारण मला बघायचं होतं की जैसे थे आतून कसं दिसतं. एसी हॉल, पंजाबी-गुजराती-चायनीज, वर खोल्या, गुळगुळीत लिफ्ट. आणि आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर, गेरूच्या रंगाच्या डिस्टेंपरवर, ऑइलपेंटने काढलेला लग्नाचा चौक. मधोमध देवी. खाली चपलांचं कपाट.

शेठ म्हणाला, "लोकल कला छे, मॅडम. फॉरेनर लोकांना बौ पसंद पडे."

मी साहेबांना तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं, "हा फेरफार नाही?"

"ही सजावट आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "घरी बोलू."

घरी आम्ही बोललो नाही. मला त्या माणसाची किळस आली होती आणि हे लिहितानाही ती पुरती गेलेली नाही. कुंपणाच्या या बाजूला देवी चपलांच्या वर बसली होती आणि तिला कोणाची परवानगी लागली नव्हती. कुंपणाच्या त्या बाजूला तिच्यासाठी एक बाई तारखांमागून तारखा कोर्टाच्या व्हरांड्यात बसत होती, घरून आणलेली भाकरी पदराखाली झाकून.

मावशीला त्या चित्राचं कळलं होतं. तिने विचारलं, "बरोबर काढलाय का?" मी म्हटलं, मला काय कळणार. ती म्हणाली, "लगीन कोणाचा होता?" मी म्हटलं, कोणाचंच नाही. "मग कशाला काढला?" असं म्हणून ती पातेलं घासायला लागली.

पावसाळे तर कुठल्याच आदेशाने थांबत नाहीत. चार दिवाळ्या ती भिंत सारवली नव्हती. माती धुऊन गेली, काठ्या काळ्या पडल्या, खालून वाळवी लागली. चौथ्या पावसाळ्यात एका सकाळी मी भागाकार शिकवत होते, तेव्हा बाहेर काहीतरी ओलं, जड पडल्याचा आवाज झाला. मुलं खिडकीकडे धावली. मावशीच्या घराची चुलीकडची भिंत गेली होती. जिच्यावर चौक काढायचा तीच. बाबा ओट्यावर होता, सून नातवाला घेऊन विहिरीवर, म्हणून कुणाला लागलं नाही. मावशी खिचडीचा डाव हातात घेऊन धावली. आम्ही पोचलो तर बाबा त्या ढिगाऱ्यासमोर हात मागे बांधून उभा होता.

"माती बाजूला करू?" मुलाने विचारलं.

"पडली तशी राहूं दे," बाबा म्हणाला.

ताडपत्री तेवढी लावली, तीही आतून, दोरीने, भिंतीला न टेकवता. पावसाचं पाणी चुलीपर्यंत येत होतं.

आणि पंधरवड्याच्या आत त्यांना कोर्टाची नोटीस आली. आदेशाचा भंग केल्याबद्दल. शेठने अर्ज दिला होता की शेजाऱ्यांनी पक्कं बांधकाम करण्याच्या इराद्याने जुनी भिंत पाडून टाकली. अर्ज लिहिला होता आमच्या साहेबांनी. मला तो त्यांच्या टेबलावर दिसला तेव्हा मी वाचला, परत ठेवला आणि दोन दिवस स्वयंपाक केला नाही. ते बाहेर जेवले. कुठे जेवले असतील ते सांगायला नको.

त्या तारखेला मी रजा काढून गेले. साहेब उभे राहून म्हणाले, भिंत स्वतःहून नाहीशी होत नाही, हा बदल आहे, आदेशाचा उघड भंग आहे. त्यांचा आवाज कोर्टात चांगला लागतो, हे मला मान्य आहे. नवखा वकील उठला आणि घसा खाकरत राहिला. शेवटी न्यायाधीशांनीच मावशीला पुढे बोलावलं. "भिंत कोणी पाडली?"

मावशी पदर सावरून म्हणाली, "साहेब, तुमी बोललात हात नाय लावायचा. नाय लावला. म्हणून पडली."

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, म्हणजे काय. मग तिने सांगितलं. दरवर्षी सारवायची भिंत, चार वर्षं नाही सारवली. माती पडली तिथेच आहे, उचलली नाही, येऊन बघा. लेकाचं लग्न अडलंय. नातू चालायला लागला. घरधनी आजारी आहे. माना चौक काढायचा आहे.

न्यायाधीश बराच वेळ फाइल चाळत होते. आमच्या साहेबांनी घेतलेल्या मुदती एकेक पान उलटून वाचत होते, हे मला मागून दिसत होतं. मग त्यांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, दोन्ही ठिकाणी कमिशनर पाठवू का? आदेश कोणी कसा पाळला ते एकदाच बघून येतील."

आमच्या साहेबांनी क्षणभरही घालवला नाही. "त्यांनी भिंत सारवायला, बांधायला आमची हरकत नाही, साहेब. पूर्वीही नव्हती."

पूर्वीही नव्हती! मी बाकावर बसून ते ऐकलं. तीस वर्षांचा संसार आहे, पण तेवढा खोटा आवाज मी घरातही ऐकला नव्हता.

परवानगी मिळाली. मी बसमध्ये मावशीला म्हटलं, आता उद्याच भिंत उभी करा, बायका गोळा करा, चौक काढा. न्यायाधीश तोंडाने बोलले, बास झालं. पण घरी बाबा म्हणाला, अडकवताना कागद दिला होता, सोडवताना पण कागद पाहिजे. कागदाशिवाय त्याच्या मनाला मोकळं वाटेना. मी चिडले, मुलगा चिडला, सुनेने रडून पाहिलं. म्हाताऱ्याचं एकच, "साहेबाचा कागद येऊं दे."

कागद म्हणजे आदेशाची नक्कल. तिच्यासाठी अर्ज, तिकीट, मग टंकलेखक रजेवर, मग मशीन बंद, मग दिवाळीची सुट्टी. मी साहेबांना सांगितलं, तुमची एवढी ओळख आहे ना कोर्टात, एवढं एक करा. ते म्हणाले, विरुद्ध पक्षाची नक्कल मी कशी मागू, बरं दिसत नाही.

सुट्टी संपून कोर्ट उघडायच्या आधी बाबा गेला. खोकून खोकून, दुपारी, ओट्यावर. त्याच्या पाठीमागे ताडपत्री फडफडत होती.

नक्कल नंतर आली. मुलगा घेऊन आला आणि कुठे ठेवायची कळेना म्हणून त्याने ती कौलाखाली खोचली. त्याच सुमाराला शेठचं हॉटेल दंड भरून नियमित झालं, परवानगी मिळाली, सगळं कायदेशीर. साहेबांनी पेढे आणले. मी ते खिडकीत ठेवले, मुंग्यांनी खाल्ले.

माघात लग्न काढलं. भिंत नवी उभी केली, सारवली, गेरू लावला. पाड्यावरच्या पाच-सहा सवाशिणी आत चौक काढायला बसल्या. बाहेर मांडवात गर्दी, ढोल, आणि पाव्याची धून चालू होती. शेठने कोल्ड्रिंकची खोकी पाठवली होती. आमचे वकीलसाहेबही आले, कारण आमंत्रण होतं. मावशीने स्वतः डहाणूला येऊन दिलं होतं. ते घरावरून नजर फिरवून मला म्हणाले, "बघ, शेवटी परवानगी मिळालीच ना?" मावशीने सुनेला त्यांच्यासाठी खुर्ची आणायला सांगितलं.

ती स्वतः अंगणात भिंतीकडे पाठ करून बसली होती, नातू मांडीवर. मी तिच्याशेजारी बसले. आत बायकांचं काहीतरी अडलं असावं. कुजबूज झाली, मग एक तरुण सवाशीण पिठाने भरलेली बोटं तशीच वर धरून दारात आली. "आजी, देवीच्या डोकीशी काय काढायचा ग? आमाना आठवत नाय."

मावशीचा हात नातवाच्या पाठीवर होता. तिची बोटं थोडी हलली, काहीतरी आखल्यासारखी, आणि थांबली. तिने मागे वळून बघितलं नाही.

"सांगा ना मावशी," मी म्हटलं. "तुम्हाला येतं."

"माना आता परवानगी नाय, बाय," ती म्हणाली आणि पदराने नातवाचं नाक पुसलं.